मनुष्यऋण

व्यसनापायीं घरादारास मुकलेला मनुष्य पुन्हा माणसांत येतो, तेव्हां त्याच्या परत येण्याचें श्रेय कोणाचें, हा प्रश्न वरवर पाहतां निरुपयोगी वाटतो. मनुष्य सावरला म्हणजे झालें. श्रेयाची वांटणी करीत बसण्यांत काय अर्थ, असें एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल. परंतु श्रेय कोणाचें हें ठरविल्याशिवाय कर्तव्य कोणाचें हें ठरत नाहीं. सावरणें ही ज्याची त्याची खासगी कामगिरी असेल, तर जो सावरला नाहीं त्याचा सर्व दोष त्याच्याच पदरीं पडतो आणि आपण बाकीचे निर्दोष सुटतों. उलट, सावरणें ही समाजाची कृति असेल, तर रस्त्यावर राहिलेल्या प्रत्येक माणसामागें आपलें कांहीं तरी करावयाचें राहून गेलें आहे असें मानावें लागतें. या दोन मतांच्या मध्यें आपण सर्वजण सोयीप्रमाणें हेलकावे खात असतों. ओळखीचा मनुष्य सावरला कीं आपण त्याच्या निग्रहाची वाखाणणी करतों. अनोळखी मनुष्य पडलेला दिसला कीं ‘सरकार काय करतें?’ असें विचारतों. या विसंगतीचा थोडा शोध घेणें अस्थानीं होणार नाहीं.

विचार अधांतरीं राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें धरूं. दिवा-पनवेल लोहमार्गावरील तळोजा हें एके काळीं भातशेतीचें, आगरी-कोळी वस्तीच्या मुलखांतलें गांव. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठीं जमिनी घेतल्या गेल्या, आणि या मुलखाचें रूप पालटलें. आज तळोज्यास तीन गोष्टी शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. एक, औद्योगिक वसाहत. तिच्यांत परप्रांतांतून आणि आपल्याच मराठवाडा-विदर्भांतून आलेले मजूर राबतात. दुसरी, मध्यवर्ती कारागृह. आणि तिसरी, नव्या घरांच्या उंच इमारती. सिडकोनें २०१८ मध्यें १४,८३८ घरांची जी सोडत काढली, तींत तळोज्याचींहि घरें होतीं. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो धांवूं लागली आणि या घरांची वाट सोपी झाली. काम, शिक्षा आणि निवारा या आधुनिक समाजाच्या तीन मोठ्या व्यवस्था एका गांवांत इतक्या जवळ जवळ क्वचितच दिसतील.

परंतु जो या तिन्हींपैकीं कोणाचाच नाहीं, त्याचें काय? कारखान्यांतून कमी केलेला, तुरुंगांतून सुटलेला, किंवा नशेपायीं घरानें बाहेर काढलेला मनुष्य उड्डाणपुलाखालीं येऊन पडतो. ऑगस्ट २०१७ मध्यें तळोज्याच्या रस्त्यांवर निळ्या रंगाचीं कुत्रीं दिसलीं. कासाडी नदींत सोडलेल्या रंगद्रव्यांचा तो परिणाम होता. देशांतच काय, परदेशांतहि त्याचा बोभाटा झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. मुक्या प्राण्यांच्या अंगावर चढलेला रंग लोकांना लांबूनहि दिसला. माणसाच्या जगण्यांतून उडून गेलेला रंग मात्र शेजारून जाणारासहि सहसा दिसत नाहीं, इतकेंच येथें सुचवावयाचें आहे. २०११ च्या जनगणनेंत देशांत १७ लाख ७३ हजारांहून अधिक माणसें बेघर म्हणून नोंदलीं गेलीं. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या दर ३८ माणसांपैकीं एकालाच कसला तरी उपचार लाभलेला होता. हे दोन आंकडे दोन निरनिराळ्या दुःखांचे आहेत. परंतु ज्याच्या ठिकाणीं तीं दोन्ही दुःखें एकत्र येतात, त्याच्या बाबतींत कारण कोणतें आणि कार्य कोणतें हें सांगणें कठीण होतें. कोणी पितो म्हणून घर जातें. कोणाचें घर गेलेलें असतें म्हणून थंडी, भूक आणि रात्रीची भीति विसरण्यासाठीं तो पिऊं लागतो. आपण मात्र पहिलीच कथा खरी मानतों, कारण तींत दोष कोणाला द्यावा हें लगेच समजतें.

आतां पहिलें मत घेऊं. तें स्वावलंबनाचें. ज्यानें पेला उचलला त्यानेंच तो खालीं ठेवावा, असें हें मत सांगतें, आणि त्याच्या पाठीशीं मोठे आधार आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आपल्या उद्धाराचा भार आपल्यावरच टाकला आहे. तिकडे अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकांत म्हटलें आहे कीं, हातांतून सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं हें खरें, तरी तो फेकणें न फेकणें हें फेकणाराच्याच हातीं होतें. दारूच्या धुंदींत गुन्हा करणारास दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचाहि तो त्याच ठिकाणीं उल्लेख करतो. या मताला कठोर म्हणून झिडकारणें बरोबर नाहीं. पडलेल्या माणसालाहि तें माणूसच मानतें. परिस्थितीनें ढकललेली वस्तु मानीत नाहीं. शिवाय एकाचें व्यसन दुसऱ्याला सोडतां येत नाहीं, हा रोजचा अनुभव आहे. आईनें नवस केले, बायकोनें उपास केले, मित्रांनीं शपथा घातल्या. पण ज्याचें त्यानें ‘नको’ म्हटल्याशिवाय या सर्वांचा कांहींहि उपयोग होत नाहीं.

तथापि या मतांत एक उणीव आहे. दगड फेकणाराची जबाबदारी ही घडून गेलेल्या गोष्टीची जबाबदारी होय. मनुष्य विहिरींत स्वतः होऊन उडी मारतो कीं त्याला कोणी ढकलतो, यावरून दोष कोणाचा तें ठरेल. परंतु दोरी सोडावयाची कीं नाहीं तें त्यावरून ठरत नाहीं. आणि निग्रह म्हणून ज्याला आपण म्हणतों, तो कमरेच्या कशांत बांधून ठेवलेल्या नाण्यासारखा नसतो, कीं वाटेल तेव्हां काढावा आणि खर्चावा. तो रोज नव्यानें मिळवावा लागतो. रात्रीं झोप झालेली असावी लागते, सकाळीं पोटांत कांहीं असावें लागतें, दहा वाजतां कोठें तरी जावयाचें असावें लागतें, आणि संध्याकाळीं आपण आलों नाहीं तर कोणाला तरी चुकल्यासारखें वाटेल असा भरंवसा असावा लागतो. संसारी मनुष्य आपल्या निग्रहाची प्रौढी मिरवितो खरा. पण त्या निग्रहाला कचेरीच्या हजेरीपटाचा, शेजाऱ्यांच्या नजरेचा, मुलांच्या फीचा आणि घरच्या चहाचा केवढा आधार असतो, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. हे टेकू त्याच्या अंगवळणीं पडलेले असतात. ज्याचे सर्व टेकू गेले आहेत, त्याला नेमक्या त्याच वेळीं बिनटेकूंनीं उभा राहावयास सांगणें म्हणजे जें आपणांला स्वतःला कधीं करावें लागलें नाहीं तें त्याच्याकडून मागणें होय.

मराठींत ‘पत्ता’ आणि ‘पत’ हे दोन शब्द कानाला जवळचे लागतात. त्यांचें कूळ एक असो वा नसो, व्यवहारांत त्यांचें नातें घट्ट आहे. ज्याला पत्ता नाहीं त्याला पत नाहीं. काम मागावयास गेला तर ‘राहतोस कोठें?’ हा पहिला प्रश्न. बँकेंत, रेशनच्या दुकानांत, इस्पितळांत तोच प्रश्न. तुरुंगाच्या दाराशीं तर हा प्रश्न स्वातंत्र्याचाच प्रश्न होतो. १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें प्रकरण आलें. जामिनाचा हुकूम होऊनहि दंडाधिकाऱ्यांनीं दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याची हमी नाकारली. न्या. कृष्ण अय्यर यांनीं या रीतीवर कडक टीका केली. गरिबाच्या जामिनाचें माप श्रीमंताच्या मापानें घेणें अन्यायाचें आहे, असा त्या टीकेचा आशय होता. परंतु कायद्याची दुसरी बाजूहि पाहावी. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानें, उपजीविकेचें साधन दिसत नाहीं आणि सार्वजनिक जागीं भटकतो, एवढ्यावरूनहि माणसास भिक्षेकरी ठरविण्याची सोय करून ठेवली. दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें या कायद्याचीं भीक मागण्यास गुन्हा ठरविणारीं कलमें दिल्लीपुरतीं रद्द केलीं. ज्या समाजानें निराधारपणालाच अपराधाचें रूप दिलें, त्यानें निराधाराला ‘स्वतःच्या बळावर ऊठ’ म्हणून सांगावें, यांत तर्क थोडा आणि धाडस फार आहे.

दुसरें मत दयेचें. हिंवाळ्यांत घोंगड्या वांटणारे, सणावारीं पुऱ्या-भाजी वांटणारे सज्जन आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि भुकेल्याच्या हातावर पडलेल्या घासाची थट्टा करणारा मनुष्य नीतिविचार करण्यास योग्य नव्हे. पण दयेचा एक स्वभावदोष आहे. ती देणाराला वर ठेवते आणि घेणाराला खालीं. एकदां घेण्यानें मनुष्य खचत नाहीं. रोज घेण्यानें, आणि कधींच कांहीं न देतां घेण्यानें, तो मनांतून विझत जातो. व्यसनानें आधींच त्याला शिकविलेलें असतें कीं, तो जगाचा केवळ भार आहे. दया त्याच धड्याची गोड शब्दांत उजळणी करते.

या बाबतींत गाडगे महाराजांच्या आचरणांत मला एक मोठें नीतितत्त्व दिसतें. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीं अकालीं गेले. संसार मोडला, आणि आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्यास माहेरीं आली. म्हणजे व्यसनानें घर कसें जातें, आणि एका मोडलेल्या घराला दुसरें घर कसें पोटांत घेतें, या दोन्ही गोष्टी त्यांनीं बाळपणींच पाहिल्या. पुढें त्यांनीं स्वतः होऊन घर सोडलें आणि हातांत खराटा घेतला. एखाद्या गांवीं गेले कीं आधीं गांव झाडावयाचें, कोणाचीं लांकडें फोडून द्यावयाचीं, आणि मग भाकरी घ्यावयाची, हा त्यांचा क्रम. लोक याला नम्रता म्हणतात. परंतु त्यांत नम्रतेपेक्षां स्वाभिमानच अधिक नाहीं काय? दिल्याशिवाय घेणें नाहीं, ही त्यांची अट स्वतःपुरती होती. दुसऱ्याला देतांना मात्र त्यांनीं अट घातली नाहीं. त्यांनीं नाशिक-पंढरपुरास आणि मुंबईस ज्या धर्मशाळा उभारल्या, त्यांत दूरगांवाहून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांनाहि आसरा मिळाला. आणि ज्यांना इतरांच्या ओसरीवर पाऊल टाकण्याचीहि बंदी होती, त्यांच्यासाठीं पंढरपुरास चोखामेळ्याच्या नांवानें धर्मशाळा बांधली. ती १९४९ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे दिली. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी, कारण ‘पूर्वींच्या खेड्यांत कोणी निराधार नसे’ असें म्हणणाऱ्यांना ती चांगलें उत्तर आहे. जुन्या खेड्याची ओसरी सर्वांना मोकळी नव्हती. तेव्हां मागें जाण्यानें आपला प्रश्न सुटणार नाहीं.

स्वावलंबन आणि दया या दोहोंच्या पलीकडे नेणारी एक कल्पना आपल्याच जुन्या वाङ्मयांत पडून आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन ऋणें सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणांत यांच्या जोडीस चौथें सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. मनुष्य जन्मास येतो तोच इतर मनुष्यांचा ऋणको म्हणून येतो, आणि हें ऋण फेडावयाचें कसें, तर माणसांना वस्तीस जागा देऊन आणि खावयास घालून, असें तेथें म्हटलें आहे. अध्ययनानें ऋषींचें ऋण फिटतें, संततीनें पितरांचें. माणसांचें मात्र निवाऱ्यानें आणि अन्नानें. ही कल्पना यज्ञाच्या संदर्भांत आलेली आहे आणि तिचे जुने अर्थ तिच्यापाशीं राहोत. पण तिचा गाभा घेतला तर त्यांतून दोन सिद्धांत निघतात, आणि आपल्या प्रश्नाचें उत्तर त्या दोहोंच्या जोडींत आहे असें मला वाटतें.

पहिला सिद्धांत असा कीं, निवारा हें देणें आहे, दान नव्हे. आणि देणें फेडतांना सावकाराचें चारित्र्य तपासावयाचें नसतें. ‘तूं आधीं दारू सोड, मग तुला छप्पर देऊं,’ असें म्हणणारा मनुष्य ऋणको असून धनकोला अटी घालतो. अशा अटींचा व्यवहारांतला परिणामहि पाहावा. न्यूयॉर्कमध्यें १९९२ च्या सुमारास सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानें उलटा क्रम करून पाहिला: रस्त्यावरच्या माणसाला, तो व्यसनी असो वा मनोरुग्ण असो, आधीं घर द्यावयाचें आणि उपचाराचें बोलणें मग करावयाचें. फिनलंडनें २००८ पासून हें राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारलें. कॅनडानें २००९ ते २०१३ या काळांत पांच शहरांतून मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर माणसांवर त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली. ज्यांना विनाअट घर मिळालें, तीं माणसें इतरांच्या मानानें कितीतरी अधिक प्रमाणांत घरांत टिकून राहिलीं. म्हणजे ‘असल्यांना घर दिलें तर तें राखणार नाहींत’ हा आक्षेप खोटा ठरला. परंतु त्याच परीक्षेंत दुसरीहि एक गोष्ट दिसली. घर मिळाल्यानें व्यसन मात्र इतरांपेक्षां विशेष कमी झालें नाहीं. हा दुसरा निष्कर्ष गैरसोयीचा म्हणून लपविण्याचें कारण नाहीं. छपरानें मनुष्य रस्त्यावरून घरांत येतो. माणसांत येण्यास आणखी कांहीं तरी लागतें.

तें काय, हें दुसऱ्या सिद्धांतावरून कळतें. मनुष्यऋण जर जन्मतःच सर्वांवर असेल, तर तें पडलेल्या माणसावरहि आहे. तोहि ऋणको आहे. त्याच्याकडूनहि जगाला कांहीं येणें आहे. आपण मात्र त्याला दिवाळखोर समजून त्याचें खातेंच बंद करून टाकतों. त्याच्याकडून कोणीच कांहीं मागत नाहीं, यापरता अपमान नाहीं. ज्या दिवशीं त्याच्याकडे कोणी कांहीं मागेल आणि तो तें देऊं शकेल, त्या दिवशीं तो खऱ्या अर्थानें परत आला.

१९३५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील अॅक्रन या शहरीं बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा एक दलाल धंद्यांत अपयश येऊन हॉटेलांत एकटा पडला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते, आणि शेजारच्या मद्यालयाचा मोह त्याला ओढीत होता. त्या वेळीं त्यानें उपदेशक शोधला नाहीं. आपल्यासारखाच एखादा दारूनें गांजलेला मनुष्य कोठें भेटेल याची त्यानें दूरध्वनीवरून चौकशी केली. त्यांतून डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याची गांठ पडली, आणि पुढें जगभर पसरलेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा पाया त्या भेटींत घातला गेला. या प्रसंगांतील मर्म असें कीं, विल्सन स्वतःला वांचविण्यासाठीं दुसऱ्याच्या उपयोगी पडावयास गेला. मदत घेणारा कोण आणि देणारा कोण, हें त्या भेटींत सांगतां येत नाहीं.

हेंच मर्म आपल्याकडेहि प्रत्ययास आलें आहे. मुंबईंत १९८१ पासून फादर जो परेरा यांनीं ‘कृपा’ संस्थेचें काम उभें केलें. पुण्यास, गर्द नांवाचें विष तरुणांत पसरत असतां, अनिल अवचटांच्या लेखनानें अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनीं देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखालीं ‘मुक्तांगण’ सुरू झालें. तेथें मुख्य औषध कोणतें, असें विचारलें तर माझें उत्तर असें राहील कीं, एके काळीं रुग्ण म्हणून आलेला मनुष्य तेथें पुढें कार्यकर्ता होतो, हें. काल ज्याचे हात कांपत होते तो आज दुसऱ्याच्या उशाशीं बसतो. ‘मलाहि असेंच होत असे’ हें वाक्य तो उच्चारूं शकतो. तें ना डॉक्टरला उच्चारतां येतें, ना दात्याला. ज्या भूतकाळाची त्याला लाज वाटत होती, तोच भूतकाळ दुसऱ्याला देण्याजोगी एकमेव शिल्लक ठरतो. ऋण फेडण्यास त्याच्यापाशीं कांहीं नाहीं, असें ज्याला आपण समजत होतों, त्याच्यापाशीं नेमकें असें कांहीं निघतें कीं जें आपल्यापाशीं नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. समाज पडलेल्याला हात देवो. पण त्या पडलेल्यानें ज्यांना पाडलें त्यांचें काय? ज्या बायकोनें मार खाल्ला, जिचें मंगळसूत्र गहाण पडलें, ज्या मुलांनीं बापाच्या पावलांच्या आवाजाला भिऊन रात्री काढल्या, त्यांनींहि मनुष्यऋणाच्या नांवाखालीं त्याला पुन्हा घरांत घ्यावें काय? माझें उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ऋण समाजाचें आहे. तें एकट्या बायकोच्या माथीं मारण्याचा समाजाला अधिकार नाहीं. तिनें क्षमा केली तर ती तिची थोरवी. न केली तर तो तिचा हक्क. आपल्याकडे आजवर बहुधा असेंच झालें कीं, समाजानें आपला सर्व धर्म तिच्याकडून करवून घेतला आणि पुण्य मात्र स्वतः घेतलें. समाजानें निवारा देणें आवश्यक आहे तें याहि कारणासाठीं: दुसरीकडे कोठेंहि जागा नसली म्हणजे नवऱ्याला रस्त्यावर टाकणें कीं स्वतः मरणें, एवढेच दोन मार्ग त्या बाईपुढें उरतात. मुक्तांगणानें अशा स्त्रियांसाठीं ‘सहचरी’ हा निराळा गट चालविला, यांत मोठी समज आहे. कारण तिचें सावरणें हें त्याच्या सावरण्याचें साधन नसून स्वतंत्र कार्य आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, पुष्कळजण पुन्हा घसरतात. मग हा सर्व खटाटोप व्यर्थ नव्हे काय? घसरणें हें या दुखण्याच्या वाटेवर नेहमींचेंच आहे, हें कोणीहि जाणता वैद्य सांगेल. पण ऋणाच्या दृष्टीनें पाहतां हा आक्षेप मुळांतच लंगडा पडतो. देणें फेडल्यानें धनकोचें कल्याण होईलच अशी हमी मागून कोणी देणें फेडीत नाहीं. आपण बांधील आहों तें देण्याला. फळ त्याच्या आणि काळाच्या हातीं. तिसऱ्यांदा घसरलेल्या माणसाला चौथ्यांदा दार उघडणाराला लोक भोळा म्हणतात. तो भोळा असेलहि. परंतु जे सावरले त्यांपैकीं कित्येकांच्या बाबतींत असा एखादा भोळा मनुष्यच चौथ्या वेळीं दाराशीं उभा होता.

आतां पुन्हा तळोज्याकडे पाहूं. या मुलखांत हें कार्य अजिबात होत नाहीं असें नाहीं. पनवेलजवळ ‘सील’ आश्रम रस्त्यावरच्या निराधारांना आसरा देतो. कर्जतजवळ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवाणी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गांवीं पोंचविते, डॉ. वाटवाणी यांना त्यासाठीं २०१८ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंदीजनांमध्यें आणि सुटून आलेल्यांमध्यें काम करीत आला आहे. शहरांतून लाख वस्तीमागें एक निवारा असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० मध्यें बजावलें. हें सर्व ध्यानांत घेऊनहि एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती कोणत्याहि संस्थेकडे सोंपवितां येत नाहीं.

संस्था मनुष्याला उभा करील. पण उभा राहून तो जाणार कोठें? त्याला शेवटीं आपल्याच इमारतींत खोली, आपल्याच कारखान्यांत काम आणि आपल्याच पोरांच्या वर्गांत आपल्या पोराला जागा हवी असते. नव्या वसाहतींतील सहकारी गृहसंस्था ‘सहकारी’ हें विशेषण नोंदणीपुरतें लावतात, आणि पूर्वेतिहास ज्याचा डागाळलेला आहे अशा भाडेकरूस दारांतून परत पाठवितात. आपल्या जिन्यांत कोण येतो याची काळजी वाहणें हा अपराध नव्हे. परंतु ‘याला सुधारू द्या, पण दुसरीकडे’ असें प्रत्येक जिना म्हणूं लागला, तर ‘दुसरीकडे’ या नांवाचें गांव कोठें आहे? खारघरच्या नागरिकांनीं आपली वसाहत दारूमुक्त राहावी म्हणून आंदोलनें केलीं, आणि तो आग्रह योग्यच होता. पण दुकान हटविणें हें अर्धें काम झालें. ज्याला त्या दुकानानें आधींच गिळलें, त्याच्यासाठीं वसाहतीनें काय राखून ठेवलें, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे. आणि ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर हीं घरें उभीं राहिलीं, त्यांचें उदाहरणहि विसरूं नये. जमिनीचा मोबदला म्हणून पैसा मिळाला तरी पहांटे उठून शेतावर जाण्याचें कारण पैशानें परत मिळत नाहीं. मनुष्याला पोसणें सोपें आहे. तो कोणाला तरी हवा आहे अशी स्थिति निर्माण करणें अवघड आहे.

म्हणून करावयाचें तें लहानच आहे, पण तें आपणांस स्वतः करावयाचें आहे. कारखानदारानें दहा माणसें घेतांना एक असा घ्यावा कीं, ज्याच्या मागील पांच वर्षांचा दाखला कोरा आहे. गृहसंस्थेच्या सभेंत एका तरी सभासदानें ‘मी त्याला ओळखतों’ असें उठून म्हणावें. आणि तो कामावर रुजू झाल्यावर त्याला सवलतींत बुडवूं नये. वेळेवर ये, हिशेब चोख ठेव, गणपतीच्या वर्गणीची पावती फाडण्याचें काम तुझ्याकडे, असें इतरांस सांगतों तसेंच त्यालाहि सांगावें.

प्रारंभीं जो प्रश्न घेतला त्याचें उत्तर आतां देतां येईल. सावरलेल्या माणसाच्या सावरण्याचें श्रेय कोणाचेंच नाहीं, कारण देणें फेडण्यांत श्रेय नसतें. समाजानें निवारा दिला तो आपल्या देण्यापोटीं दिला. त्यानें पेला खालीं ठेवला आणि दुसऱ्याच्या उशाशीं जाऊन बसला, तोहि आपल्या देण्यापोटींच. दोघांनींहि परस्परांचें येणें मान्य केलें, एवढेंच घडलें. पण तें घडलें नाहीं तर मात्र दोष उरतो, आणि त्यांत आपला वाटा किती हें तळोज्याच्या पुलाखालून जातांना ज्याचें त्यानें ठरवावें.